फूटीपटूच्या कराराची बातमी कशी वाचावी: पगार, दिनक्रम आणि मैदानाबाहेरची जबाबदारी

डिसेंबर 2020 मध्ये अजिंक्य रहाणेने मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर 112 धावा केल्या आणि हे मैदान क्रिकेटचेच आहे ही आपल्याकडची समजूत आणखी पक्की झाली. प्रत्यक्षात मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ते मैदान ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे असते. साधारणतः सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिथे ग्रँड फायनल होते, तेव्हा लाखभर माणसे बसलेली असतात, आणि आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरिया राज्याला सार्वजनिक सुट्टी असते. या खेळाला तिकडे लहानथोर सगळे ‘फूटी’ म्हणतात. मेलबर्न, पर्थ किंवा ॲडलेड येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत तो बहुधा मुलांच्या हाताला धरून शिरतो. शनिवारी सकाळी ‘ऑस्किक’ नावाच्या बालवर्गाला मुलाला सोडायला गेलेले आईबाबा लंबगोल चेंडू कुठे उसळेल याचा अंदाज बांधता बांधता कधी एखाद्या क्लबचे होऊन जातात, ते त्यांनाही कळत नाही. मग बातम्या वाचणे आले, आणि बातम्या साधारण दोनच प्रकारच्या असतात: अमुक खेळाडूला वर्षाला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, किंवा तमुक खेळाडूवर चार सामन्यांची बंदी आली.

या दोन बातम्या परस्परांपासून अगदी लांबच्या वाटतात. पण दोन्हींचे मूळ एकाच करारात असते. खेळाडूला जे पैसे मिळतात ते चेंडूला लाथ मारण्याचे असतात तसेच नाव सांभाळण्याचेही असतात, आणि हे त्या करारात लेखी असते. म्हणून पगाराची बातमी वाचताना जबाबदारीचे कलम, आणि बंदीची बातमी वाचताना पैशाचे कलम डोळ्यांसमोर ठेवावे. ते कसे करायचे, एवढेच इथे सांगायचे आहे.

आकडा आधी सोडवून घ्यावा

आयपीएलच्या लिलावात बोली कॅमेऱ्यासमोर लागते, त्यामुळे कोणाला किती मिळाले हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, लिलाव नाही. नवा खेळाडू ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडप्रक्रियेतून येतो. तळाच्या संघाला आधी निवडीची संधी मिळते, आणि ज्या क्लबाने नाव पुकारले त्या क्लबाकडे अठरा वर्षांच्या मुलाला, घर कितीही लांब असले तरी, जावे लागते. पर्थचा मुलगा ब्रिस्बेनला, मेलबर्नचा मुलगा पर्थला, असे नेहमी घडते. कोणत्या खेळाडूला नेमके किती मिळतात हे लीग नावानिशी जाहीर करत नाही. आपल्या वार्षिक अहवालात ती फक्त अमुक ते अमुक रकमेच्या टप्प्यात किती खेळाडू आहेत, एवढे सांगते. तेव्हा एखाद्या नावापुढे नेमका आकडा छापलेला दिसला, तर तो पत्रकाराचा अंदाज असतो किंवा खेळाडूच्या मॅनेजरने सोडलेली पुडी असते, हे गृहीत धरून वाचावे. मॅनेजर म्हणजे इथे खेळाडूच्या वतीने करार ठरवणारा माणूस. संघाच्या व्यवस्थापकाशी त्याची गल्लत करू नये.

दुसरा प्रश्न विचारावा तो वर्षांचा. लान्स फ्रँकलिन 2013 च्या अखेरीस हॉथॉर्न सोडून सिडनी स्वान्सकडे गेला, तेव्हा नऊ वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार अशी बातमी झाली आणि सगळीकडे डोळे विस्फारले गेले. नऊने भागले की वर्षाला सरासरी अकरा लाख डॉलर होतात. रक्कम मोठी आहेच, पण मथळ्यातून जी प्रतिमा उभी राहते ती ही नव्हे. शिवाय अशा करारात दरवर्षीची रक्कम सारखी नसते. क्लब आपल्या सोयीनुसार काही वर्षे जड आणि काही हलकी ठेवतो. या करारातील खरा धोका वेगळाच होता. खेळाडू मध्येच निवृत्त झाला तरी उरलेली रक्कम क्लबाच्या मर्यादेत मोजली जाईल, असे लीगने बजावले होते. फ्रँकलिन तो करार पुरा करून आणखी एक हंगाम खेळला, मार्च 2022 मध्ये त्याने कारकिर्दीतला हजारावा गोल केला आणि 2023 मध्ये तो थांबला. हा जुगार सिडनीच्या अंगाशी आला नाही. कॉलिंगवुडने मात्र 2020 मध्ये ब्रोडी ग्रंडीशी सात वर्षांचा करार केला आणि 2022 संपताना त्याला मेलबर्न क्लबाकडे धाडले, तेही त्याच्या पगाराचा काही भाग स्वतःच भरण्याच्या अटीवर. म्हणून खेळाडू नव्या क्लबात गेल्याची बातमी आली की पैसे देणारे हात किती, हेही पाहावे.

ती मर्यादा म्हणजे ‘सॅलरी कॅप’. 1987 पासून प्रत्येक क्लबाच्या एकूण वेतनखर्चावर छत आहे, आणि अलीकडच्या हंगामांत ते दीड कोटी डॉलरच्या वर गेले आहे. त्याला जमीनही आहे: क्लबाने किमान 95 टक्के खर्च करायलाच हवा, आणि आधीच्या वर्षांत हात आखडता घेतला असेल तर एखाद्या वर्षी 105 टक्क्यांपर्यंत जाता येते. चाळीसहून अधिक खेळाडूंमध्ये ही रक्कम वाटायची असल्यामुळे एकाला दहा लाख देणे म्हणजे दुसऱ्या तिघाचौघांच्या ताटातले काढणे होय. खेळाडूच्या जाहिरातीच्या वा प्रचाराच्या कामासाठी वेगळा करार करता येतो आणि ती रक्कम या छताबाहेर धरली जाते. पण तिलाही स्वतःची मर्यादा आहे. टेबलाखालून दिल्यास काय होते, याची दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत. 2002 मध्ये कार्लटन क्लबाला 9 लाख 30 हजार डॉलर दंड झाला आणि ड्राफ्टमधील वरच्या निवडी त्याला गमवाव्या लागल्या. 2012 मध्ये ॲडलेड क्लबाला दंड झाला आणि ज्याच्या करारात लपवालपवी झाली होती तो कर्ट टिपेट अकरा सामने बाहेर बसला. माझ्या मते दुसरी शिक्षा अधिक बोलकी आहे, कारण तिने करारावर सही करणाऱ्यालाही जबाबदार धरले.

आता सरासरीकडे वळू. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात 2023 मध्ये पाच वर्षांचा सामूहिक करार झाला. त्याची एकूण किंमत 220 कोटी डॉलर असून पुरुष आणि महिला या दोन्ही स्पर्धा प्रथमच एका करारात आल्या. पुरुषांचे सरासरी वेतन 3 लाख 87 हजार डॉलरवरून 2027 पर्यंत 5 लाख 19 हजारांवर, तर महिलांचे 46 हजारांवरून 60 हजारांवर आणि पुढे 2027 पर्यंत 82 हजारांवर नेण्याचे त्यात ठरले. सरासरी हा शब्द मात्र फसवा असतो. मोजक्या मोठ्या पगारांनी ती वर ओढली जाते, आणि ड्राफ्टमधून नुकता आलेला मुलगा तिच्या बराच खाली असतो. त्याला ठरावीक मूळ रक्कम आणि वरिष्ठ संघात खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे वेगळे पैसे मिळतात. महिलांची स्पर्धा 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा मोजक्या बिनीच्या खेळाडूंना 27 हजार आणि बहुसंख्यांना साडेआठ हजार डॉलर ठरले होते. त्यामुळे परिचारिका, शिक्षिका, सुतारकाम करणाऱ्या मुली दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येत. त्यांच्या बाबतीत ‘व्यावसायिक खेळाडूची जीवनशैली’ हे शब्द जपून वापरावेत.

छापलेला आकडा करापूर्वीचा असतो, ही गोष्ट वाचक हटकून विसरतो. एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा, वर्षाचे करपात्र उत्पन्न 5,19,000 डॉलर आहे आणि कोणतीही वजावट नाही. 2024-25 च्या ऑस्ट्रेलियन दरांनुसार पहिल्या 1,90,000 वर 51,638 डॉलर कर बसतो, आणि त्यापुढच्या 3,29,000 वर 45 टक्के दराने 1,48,050. दोन्ही मिळून 1,99,688. त्यावर सरकारी आरोग्यसेवेसाठीचा दोन टक्के मेडिकेअर अधिभार, म्हणजे 10,380. हाती उरतात 3,08,932 डॉलर, आणि मॅनेजरचा वाटा त्यातूनच जायचा असतो. उरणारी रक्कम सामान्य नोकरदाराच्या मानाने भरपूरच आहे, यात शंका नाही. पण ती पस्तीस वर्षांच्या नोकरीची नाही. गुडघा साथ देईल तितक्या हंगामांचीच ती आहे. खेळाडूच्या उत्पन्नातील अशा चढउतारांमुळेच ऑस्ट्रेलियाच्या करकायद्यात कलाकार आणि खेळाडूंसाठी काही वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी धरून कर आकारण्याची तरतूद आहे.

दिनक्रमाचा अंदाज कसा घ्यावा

समाजमाध्यमांवर दिसणारी गाडी आणि समुद्रकाठचे घर यांवरून आयुष्य ओळखू नये. हंगामाचे वेळापत्रक उघडून बसावे. सरावाला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तिकडच्या भर उन्हाळ्यात तोंड लागते. मार्चपासून प्रत्येक संघ 23 साखळी सामने खेळतो आणि त्यानंतर बाद फेरी असते. वीस मिनिटांचे चार डाव असे नियमात असले, तरी थांबलेला वेळ धरून एकेक डाव अर्ध्या तासाच्या आसपास जातो, आणि मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज धावतो. पर्थच्या दोन्ही क्लबांना जवळपास एक आठवड्याआड देश ओलांडावा लागतो; मेलबर्नपर्यंतचे अंतर सुमारे 2,700 किलोमीटर, म्हणजे मुंबई ते गुवाहाटी या हवाई अंतरापेक्षाही जास्त, आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पाण्यात बसणे, मालीश, वजन, चित्रफितींचे परीक्षण. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला, तर 2021 पासून किमान बारा दिवस सामना खेळता येत नाही. डॅनी फ्रॉली आणि शेन टक या दोन माजी खेळाडूंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांमुळे होणारा आजार आढळला, तेव्हापासून हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही.

मोकळीक मिळते ती हंगाम संपल्यावर. शेवटच्या सामन्यानंतर येणाऱ्या सोमवारी खेळाडू चित्रविचित्र वेष करून दिवसभर मद्यपान करत बसतात; त्या दिवसाला ‘मॅड मंडे’ असेच नाव आहे. क्लबाचे अधिकारी हे काही तास जीव मुठीत धरून काढतात. 2024 मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनीच्या खेळाडूंनी हंगामानंतरच्या खासगी मेळाव्यात जे वेष आणि जी सोंगे काढली, त्यांची लीगने चौकशी केली आणि तेरा जणांवर कारवाई झाली. सहा जणांवर सामनाबंदी आली, बाकीच्यांना दंड झाला. मेळावा बंद दाराआडचा होता, प्रेक्षक नव्हते. तरीही कारवाई झाली, आणि इथूनच पुढचा, अधिक अवघड भाग सुरू होतो.

बंदीची बातमी: नियम कोणता, आधी ते पाहावे

खेळाडूने मैदानाबाहेर काही केल्याची बातमी आली की आपण लगेच शिक्षा जास्त की कमी यावर वाद घालू लागतो. त्याआधी नियम कोणत्या पुस्तकातला, हे शोधावे. कारण अशी पुस्तके निदान चार आहेत आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा आहे.

सट्ट्याचा नियम सर्वांत सरळ आहे. खेळाडूने आपल्या लीगच्या कोणत्याही सामन्यावर पैसे लावायचे नाहीत. तो स्वतः खेळत असो वा नसो. 2019 मध्ये कॉलिंगवुडच्या जेडिन स्टीफनसनने आपल्याच संघाच्या सामन्यांवर तीन वेळा पैसे लावले. तिन्ही मिळून रक्कम भरली 36 डॉलर, म्हणजे तिकडच्या एका बऱ्या जेवणाइतकी. शिक्षा झाली 22 सामन्यांच्या बंदीची, त्यातले बारा सामने स्थगित, म्हणजे दहा सामने प्रत्यक्ष बाहेर, आणि 20 हजार डॉलर दंड. छत्तीस डॉलरसाठी एवढे, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण इथे अपराध रकमेवर मोजायचा नाही. ज्याला संघातल्या दुखापती आतून ठाऊक असतात, त्याने पैजेच्या बाजारात पाऊल टाकणे हाच तो अपराध. हीच लीग सट्टा कंपन्यांच्या जाहिरातींचा पैसा राजरोस घेते, हे मात्र वाचकाने नजरेआड करू नये. माझ्या लेखी या व्यवस्थेतली ही सर्वांत ओशाळवाणी गोष्ट आहे.

अमली पदार्थांची बातमी वाचताना सर्वांत जास्त घोळ होतो, कारण तिथे दोन नियम शेजारीशेजारी आहेत. एक उत्तेजकांविरोधी संहिता; ती देशाची सरकारी यंत्रणा राबवते आणि तिच्या शिक्षा वर्षांत मोजल्या जातात. दुसरे लीगचे स्वतःचे धोरण. 2005 मध्ये खेळाडूंच्या संमतीने सुरू झालेले, सामन्याच्या दिवसाव्यतिरिक्त घेतल्या जाणाऱ्या कोकेनसारख्या पदार्थांसाठीचे आणि मुख्यतः उपचाराकडे झुकलेले. त्यात पहिल्यांदा सापडलेल्याचे नाव गुप्त राहते आणि त्याला समुपदेशनाला पाठवले जाते; 2015 च्या सुधारणेनंतर दुसऱ्यांदा सापडल्यास नाव जाहीर होऊन चार सामन्यांची बंदी येते. तोच पदार्थ सामन्याच्या दिवशी अंगात सापडला, तर पहिली संहिता लागू होते. मेलबर्न क्लबाच्या जोएल स्मिथच्या नमुन्यात ऑगस्ट 2023 मध्ये सामन्याच्या दिवशी कोकेन आढळले, तपासात आणखी आरोपांची भर पडली आणि शेवटी त्याच्यावर चार वर्षे तीन महिन्यांची बंदी आली. शनिवार की मंगळवार, यावर एवढा फरक पडतो. एसेंडन क्लबाचे प्रकरण वेगळे. तिथे 2012 मध्ये क्लबानेच इंजेक्शनांचा कार्यक्रम राबवला, 2013 मध्ये क्लबाला वीस लाख डॉलर दंड झाला, आणि जानेवारी 2016 मध्ये 34 आजी-माजी खेळाडूंवर संपूर्ण हंगामाची बंदी आली. काय टोचले जात आहे हे विचारण्याची जबाबदारी ज्याला टोचले जाते त्याची, असा त्या निकालाचा अर्थ होता. वरिष्ठांनी सांगितले म्हणून निमूट हात पुढे करणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांविषयी मला आजही वाईट वाटते. निकाल मात्र नियमाला धरून होता.

वंश, धर्म वा लैंगिक ओळख यांवरून केलेल्या अपमानाचे पुस्तक तिसरे. एप्रिल 1993 मध्ये व्हिक्टोरिया पार्क मैदानावर प्रेक्षकांच्या शिव्यांना उत्तर म्हणून आदिवासी खेळाडू निकी विनमारने जर्सी वर करून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवले, आणि 1995 मध्ये मायकेल लाँग या आणखी एका आदिवासी खेळाडूच्या तक्रारीनंतर लीगने याविषयीचा नियम केला. नियम मैदानापुरता नाही. 2021 मध्ये ॲडलेड क्लबाचा टेलर वॉकर राज्यस्तरीय लीगचा सामना प्रेक्षक म्हणून पाहायला गेला असताना एका आदिवासी खेळाडूविषयी वंशद्वेषी बोलला. त्याच्यावर सहा सामन्यांची बंदी आली आणि 20 हजार डॉलर देणगी द्यावी लागली. पण नियम खेळाडूला बांधतो, स्टँडमधल्या गर्दीला तितका बांधत नाही. 2014 साली ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरलेल्या ॲडम गुड्स या आदिवासी खेळाडूची प्रेक्षकांनी पुढच्या हंगामात मैदानोमैदानी हुर्यो उडवली, तो 2015 मध्ये निवृत्त झाला, आणि लीगने माफी मागितली ती 2019 मध्ये.

चौथे पुस्तक सैल शब्दांचे आहे: खेळाची प्रतिष्ठा घालवणारे वर्तन. वरच्या वेषांतराच्या मेळाव्यावरची कारवाई याच कलमाची. बेन कझिन्सचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. 2005 मध्ये लीगचा सर्वोच्च वैयक्तिक मान, ब्राउनलो पदक, मिळवणाऱ्या वेस्ट कोस्टच्या या खेळाडूला दोन वर्षांत क्लबाने काढून टाकले आणि लीगने वर्षभरासाठी त्याची नोंदणी रद्द केली. अशा कारवाईत पुरावा न्यायालयाच्या तोलाचा लागत नाही, म्हणून पोलिसांत गुन्हा दाखल झाल्याची बातमी आणि लीगने कारवाई केल्याची बातमी वेगवेगळ्या ठेवाव्यात. एकीचा निकाल दुसरीला लावू नये. स्त्रियांवरील हिंसेबाबत लीगने 2005 मध्येच स्वतंत्र धोरण आणले. आरोप गंभीर असेल तर चौकशीदरम्यान खेळाडूला बाहेर ठेवायचे की नाही, हा त्या धोरणातला सर्वांत नाजूक प्रश्न असतो. बातमीत ‘रजेवर’ असा शब्द आला असेल तर रजा कोणी मागितली आणि पगार चालू आहे का, हे शोधावे.

घरातला मुलगा किंवा मुलगी या वाटेला लागली तर

मेलबर्नकडच्या आपल्या घरांसाठी थोडे सांगतो. सतराव्या-अठराव्या वर्षी दारात मॅनेजर येऊन उभा राहतो. तो खेळाडू संघटनेकडे नोंदणीकृत आहे ना, हे संघटनेला विचारूनच बोलणी करावीत. 1973 पासून ही संघटना आहे आणि पालकांच्या शंकांना ती उत्तरे देते. करार हाती आला की रकमेचे पान सर्वांत शेवटी वाचावे. आधी दुखापत झाल्यास काय, शिक्षणासाठी वेळ किती, समाजमाध्यमांवरील मजकुराची बंधने कोणती आणि क्लबाच्या कार्यक्रमांना हजेरीचे बंधन किती, ही पाने पाहावीत. मुलाच्या फोनमध्ये सट्ट्याचे ॲप असेल तर करारावर सही होण्याआधी ते काढून टाकावे, आणि घरातल्यांनीही संघातल्या दुखापतींची बातमी जेवणाच्या टेबलाबाहेर नेऊ नये, कारण आतली माहिती बाहेर पुरवणे हाही अपराधच आहे. भारतातून आणलेले आयुर्वेदिक चूर्ण किंवा व्यायामशाळेतली पावडर क्लबाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मुलाला देऊ नये. आजीने प्रेमाने दिले होते, ही सबब चाचणीत चालत नाही.

करार साधारणपणे 31 ऑक्टोबरला संपतात. त्याआधीच्या आठवड्यांत क्लब आपापल्या याद्या जाहीर करतात, आणि बातमीच्या तळाशी, मोठ्या नावांच्या खाली, ‘यादीतून वगळलेले’ या शीर्षकाखाली पाच-सहा नावे बारीक टायपात छापलेली असतात. पगाराची पुढची बातमी वाचण्याआधी ती नावे वाचावीत, आणि प्रत्येकाचे वय आणि खेळलेले सामने शेजारी लिहून पाहावेत.